गाडी फाळक्यावर चढेपर्यंत कोणाची?

जुन्या गाड्या विकणाऱ्या, घेणाऱ्या आणि या गावाहून त्या गावी पोचवणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी वाईला राहतो. गेली सतरा वर्षं जुन्या दुचाकी घेतो, जमतील तेवढ्या चालत्या करतो आणि जागा संपली की एखादी विकतो. पोटापाण्याचा धंदा नाही, नाद आहे. पण नादातही बराच पैसा आणि बरेच रविवार गेले आहेत. या वर्षांत एक गोष्ट मला सारखी खुपत आली आहे. गाडीच्या भावावर आपण तासन् तास घासाघीस करतो. मात्र ती गाडी विकणाऱ्याच्या परड्यातून घेणाऱ्याच्या दारात कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या जबाबदारीवर येणार, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. आणि भांडणं नेमकी तिथेच होतात.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. अमरावतीजवळच्या एका गावातली येझदी रोडकिंग ठरवली, १९८६ ची. फोनवर ‘बेचाळीस फायनल’ झालं, पाच हजार टोकन पाठवलं. फोटोत टाकीवरचा क्रोम बऱ्यापैकी दिसत होता, दोन्ही सायलेन्सर कंपनीचेच होते, मी खूश. मग एकेक आकडा यायला लागला. गावातून अमरावतीच्या गोडाऊनपर्यंत छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, अठराशे. पॅकिंग बाराशे. चढवायची हमाली चारशे. अमरावती ते सातारा साडेचार हजार, कारण संत्र्याचा हंगाम सुरू आहे आणि इकडे येणारे ट्रक भरून येतात, असं मला सांगितलं. साताऱ्यात गाडी उतरल्याचा निरोप मला तीन दिवसांनी मिळाला, त्याचं डेमरेज, म्हणजे माल गोडाऊनमध्ये पडून राहिल्याचा आकार, सहाशे, तेही मीच भरलं. सातारा ते वाई पिकअप, पंधराशे. बेरीज बरोबर दहा हजार. बेचाळीसची गाडी दारात बावन्नला पडली, म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या वाहतुकीत गेला.

पैशाचं दुःख मी गिळलं असतं. पण गोडाऊनमध्ये गोणपाट उसवायला घेतलं आणि जीव खाली-वर झाला. बांधताना दोरी हँडलला गुंडाळून ओढून घेतली होती, त्यात क्लचची लिव्हर दुमडली होती. ज्या क्रोमवर मी भाळलो होतो त्याच क्रोमवर, टाकीच्या डाव्या अंगाला, वीतभर लांब ओरखडा. आणि उजव्या टूलबॉक्सचं झाकण जागेवर नव्हतं. गोणपाट पुन्हा झटकून पाहिलं, पिकअपच्या हौद्यात पाहिलं, गोडाऊनच्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. नव्हतंच.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, दादा, माझ्या दारातून निघाली तेव्हा झाकण होतं, आईची शपथ. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, साहेब, आमच्याकडे आली तेव्हा अशीच होती. दोघांपैकी कोणी खोटं बोलत होतं असं मला आजही वाटत नाही. गावापासून गोडाऊनपर्यंतच्या कुठल्यातरी खड्ड्यात ते झाकण पडलं असेल, आणि तेवढ्या वाटेपुरती गाडी कोणाचीच नव्हती. विकणाऱ्याच्या लेखी ती विकली गेली होती, माझ्या लेखी मिळायची होती आणि ट्रान्सपोर्टच्या लेखी अजून यायची होती. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो तेव्हा तसलं झाकण मिळालं. त्याचा रंग अजूनही बाकीच्या गाडीशी जुळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गाडी ट्रकच्या, टेम्पोच्या किंवा पिकअपच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या पाडता येणाऱ्या फळीवर, चढेपर्यंत विकणाऱ्याची. चढली की घेणाऱ्याची. चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याने आपल्या किमतीतच धरावा, पुढचा घेणाऱ्याने आपल्या हिशोबात धरावा, आणि टोकन देण्याआधी हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगावं. वेगळं काही ठरवायचं असेल तर जरूर ठरवा, पण ठरवा. आणि फाळका म्हणजे जो ट्रक किंवा टेम्पो थेट लांबच्या प्रवासाला निघणार त्याचा फाळका. गावातून गोडाऊनपर्यंत जो छोटा हत्ती येतो, तो चढेपर्यंतच्याच वाटेतला धरायचा.

विकणाऱ्यांना हे ऐकायला जड जाईल, कल्पना आहे. पण तुमची गाडी कुठे आणि कशी उभी आहे हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. ती गोठ्याच्या मागे लाकडांखाली आहे की पार्किंगमध्ये, चाकात हवा राहते की नाही, चाकं फिरतात की जाम आहेत, बोळातून पिकअप आत येतो की हातगाडीच लागते, हे शेकडो किलोमीटरवरच्या माणसाला कसं कळणार? कराडच्या माझ्या एका मित्राने कोल्हापूरकडची एक प्रीमियर पद्मिनी घेतली. आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी म्हटलं की आमच्यासारख्यांचं डोकं चालत नाही. ‘गाडी उभी आहे’ एवढंच त्याला सांगितलं होतं. गेला तेव्हा कळलं की ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेत, चारही चाकं जाम, आणि गाडीपुढे नंतर बांधलेली एक भिंत. भिंत पाडून परत बांधून द्यायची, क्रेन, फ्लॅटबेड असं करून त्याचे चौदा हजार गेले, आणि दोन घरांत कायमची अढी बसली. ‘चाकं जाम आहेत, पुढे भिंत आहे’ हे वाक्य सांगायला एक मिनिट लागलं असतं. मित्राने गाडी तरीही घेतली असती. भाव वेगळा ठरला असता, इतकंच.

आता भावाचं. किंमत न लिहिता ‘फोन करा’, ‘योग्य ऑफर आल्यास विचार’ असं का लिहितात, ते मला कळतं. आपली गाडी स्वस्तात जाईल ही भीती असते. कोणाची तरी यामाहा आरएक्स १०० लाखाच्या पुढे गेल्याचं ऐकलेलं असतं. ती गाडी बनायची थांबली १९९६ ला, मागणी तुफान, त्यामुळे आकडे ऐकून कोणाचेही डोळे दिपतील. पण लाखाला गेलेली गाडी आणि तुमच्या पत्र्याखाली दहा वर्षं उभी असलेली गाडी यांच्यामध्ये काय असतं, ते माझ्या त्या येझदीवरूनच सांगतो. इंजिनात बोअर, पिस्टन, क्रँक, बेअरिंगं, ऑइलसील मिळून सोळा हजार. क्रोम चौदा हजार. रंग नऊ. टायर साडेचार. वायरिंग अडीच. सीट अठराशे. सत्तेचाळीस हजार आठशे झाले. दारात पडलेले बावन्न धरले की लाखाला दोनशे कमी, आणि चार महिन्यांच्या रविवारांचा हिशोब यात नाहीच. उद्या मी ती एक लाख पाचला विकली तर ऐकणारा म्हणेल, येझदी लाखाला जाते. आणि त्या आकड्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी गंजक्या येझदीचा भाव ऐंशी हजार ठरेल. ती गाडी मग कोणी घेत नाही, ती आणखी पाच पावसाळे खाते आणि शेवटी भंगारात किलोवर जाते. मी अशा तीन गाड्या जाताना पाहिल्या आहेत. एकीच्या टाकीवरचा कंपनीचा बॅज अजून माझ्याकडे आहे.

किंमत लिहा. जास्त लिहा, पण लिहा. लांबचा माणूस वाहतूक त्यात मिळवून पाहील, परवडलं तर फोन करेल, नाही तर तुमचाही वेळ वाचेल.

घेणाऱ्यांनो, वाहतूक म्हणजे नुसतं अंतर नव्हे, हेही आपण शिकायला हवं. आमच्याकडची भाजी रात्री वाशीच्या मार्केटला जाते. सकाळी माल उतरला की टेम्पो रिकामे परत निघतात. ठाण्याची एक लॅम्ब्रेटा मी अशाच परतीच्या टेम्पोत बाराशे रुपयांत वाईला आणली; ड्रायव्हरच्या हातात ते जादाचे पैसे पडले, मला स्वस्त पडलं. तोच टेम्पो मी इथून खास पाठवला असता तर जाता-येता दोन्ही भाडी माझ्या डोक्यावर बसली असती. आपल्या भागातून कुठला माल कुठे जातो आणि कुठली गाडी कुठून रिकामी येते, एवढं विचारून ठेवलं आणि चार-आठ दिवस कळ काढली, तर हजारो रुपये वाचतात. विकणाऱ्यानेही तेवढी सवड द्यावी. ‘उद्याच्या उद्या उचला’ म्हटलं की भाडं दुप्पट होतं, आणि फिरून ते तुमच्याच किमतीतून कापलं जातं.

राज्याची हद्द ओलांडली की हिशोब पुन्हा बदलतो. कोल्हापूरच्या माणसाला बेळगाव शेजारी. भाषा आपली, टेम्पोभाडं किरकोळ. पण तिकडची गाडी कायमची इकडे आणायची तर फॉर्म २८ वर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इकडचा कर, इकडचा नवा नंबर. अमरावतीची गाडी साताऱ्याला आणली तर एनओसी लागेल, पण राज्य तेच असल्यामुळे एकरकमी भरलेला कर पुन्हा भरावा लागत नाही. म्हणजे कागदाच्या हिशोबाने कोल्हापूरला बेळगावपेक्षा अमरावती जवळ. गोव्याची गाडी घेणाऱ्या सावंतवाडी-कुडाळच्या मंडळींना हे चांगलं ठाऊक असेल.

आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंग. १ एप्रिल २०२२ पासून नोंदणी नूतनीकरणाची फी दुचाकीला हजार आणि मोटारीला पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ती दोन हजार आणि दहा हजार केली. पर्यावरण कर आणि नव्या नंबरप्लेटा वेगळ्या. ‘पासिंग संपलंय, किरकोळ काम आहे’ असं सांगून गाडी गळ्यात मारणं बरोबर नाही. किरकोळ असेल तर करून मग विका, नाही तर तेवढे पैसे भावातून वजा करा.

काही जण यातून एक वाट काढतात: ‘ट्रान्सपोर्ट कशाला, चालवत आणू’. मीही तरुणपणी आणली आहे, आणि ते चुकीचं होतं. विमा नसलेल्या गाडीला पहिल्या वेळी दोन हजार दंड आहे, पण दंडाचं सोडा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर आणि कडक झालेल्या टायरवर भरवसा ठेवून हायवेला लागायचं, वाटेत कोणाला लागलं तर भरपाई द्यायला विमा नाही, आणि गाडी कागदावर अजून तिसऱ्याच्याच नावावर. वाचलेल्या चार हजारांत हे सगळं बसत नाही.

आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलो.

आमच्या आळीत एक काकू आहेत. काका गेले आणि त्यांची चेतक दारातच राहिली. काकू रोज सकाळी रांगोळी घालायच्या आधी ती पुसायच्या. सीटचं कव्हर त्यांनी स्वतः मशीनवर शिवलेलं, निळ्या रेक्झिनचं, कडेला पांढरी पट्टी. दोन वर्षांनी मुलगा म्हणाला, आई, आता देऊन टाकू. बाहेरगावच्या दोन मुलांशी फोनवर पंधरा हजार ठरले. ठरल्या दिवशी ती मुलं टेम्पो घेऊन आली. टेम्पो दारात लावला, फाळका पाडला आणि मग म्हणाली, काकू, टेम्पोचंच भाडं तीन हजार झालंय, तळही कुजलाय, अकरा घ्या. आळीतली माणसं बघत होती, मुलगा नोकरीला पुण्यात. काकू एवढंच म्हणाल्या, बरं, न्या. मी तेव्हा घरी नव्हतो याची रुखरुख मला आजही आहे. संध्याकाळी गेलो तर काकू ओट्यावर बसल्या होत्या आणि ते सीटचं कव्हर त्यांच्या मांडीवर होतं. ते मात्र त्यांनी दिलं नव्हतं.

टेम्पो दारात आणून भाव पाडणं ही फसवणूक आहे, मित्रांनो. वाहतुकीचा खर्च तुम्हाला निघायच्या आधीपासून माहीत होता. तळ कुजलाय की नाही ते आधी येऊन बघता आलं असतं, फोटो मागता आला असता. समोरच्या बाईने दार उघडलं, चहा टाकला, गाडी पुसून ठेवली आणि आता ती ‘नाही’ म्हणू शकत नाही, याच भरवशावर तो भाव पाडलेला असतो. आपल्या नादाला अशाने वाईट नाव लागतं, आणि मग चांगल्या घरातली जपलेली गाडी आपल्यापर्यंत येतच नाही.

ती गोष्ट तिथे संपली नाही. दीड वर्षाने काकूंच्या पत्त्यावर काकांच्या नावाने विनाहेल्मेटच्या दंडाची नोटीस आली. गाडी नावावर झालीच नव्हती. व्हायला वारसाच्या फॉर्म ३१ पासून सुरुवात करावी लागली असती. मुलांनी कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नाव बदलायच्या फॉर्मवर, काकूंची सही घेऊन काम झालं म्हणून सांगितलं होतं. नोटीस हातात घेऊन काकू मला विचारत होत्या, अरे, हे तर जाऊन साडेतीन वर्षं झाली, मग?

कायदा अगदी सरळ आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. फॉर्म २९ आणि ३०. नाव लागलं नाही तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात सांगून ठेवलंय. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे विकली गेली होती आणि मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव अजून नोंदीत होतं त्याच्यावर आली. त्यामुळे विकणाऱ्यांनो, फाळक्यावर गाडी चढली की खर्च संपतो, पण नाव लागेपर्यंत आपण सुटलेलो नसतो. घेणाऱ्याचे हजार-दोन हजार राखून ठेवा, नाव लागल्याचा कागद आला की सोडा. मी अलीकडे असंच करतो आणि चांगला घेणारा त्याला नाही म्हणत नाही.

ट्रान्सपोर्टवाल्या बंधूंनो, तुमच्याशिवाय हा नाद चालायचा नाही, हे मान्य. पण बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, ‘जुनी गाडी, मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. गाडी ताब्यात घेताना चार बाजूंचे फोटो काढा, काय मोडकं आहे आणि काय सुटं आहे ते बिल्टीवर लिहा. दोरी हँडलला नको, चेसीला बांधा. उतरल्याचा निरोप त्याच दिवशी द्या, मग डेमरेज खुशाल लावा. आणि पाठवणाऱ्यांनो, बिल्टीवर गाडीची खरी किंमत लिहा. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. मलाही येझदीच्या वेळी माहीत नव्हतं.

रेल्वेच्या पार्सलने पाठवायची असेल तर टाकी रिकामी हवी, आरसी बुकाची झेरॉक्स हवी, पॅकिंग आपलं. भाडं वजनावर आणि अंतरावर, त्यामुळे लांबच्या पल्ल्याला बरं पडतं. पण किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरला नाही, तर पार्सलची जबाबदारी किलोला ५० रुपये एवढीच असते. गाडी दीडशे किलोची धरली तरी साडेसात हजार. बावन्न हजारांची गाडी साडेसात हजारांच्या भरवशावर पाठवायची की थोडे जास्त भरायचे, ते बुकिंगच्या खिडकीवरच ठरवा.

मी सांगतो तसं मी स्वतः वागतो की नाही, हे कोणीही विचारू शकतं. म्हणून माझ्याकडच्या गाडीची जाहिरात इथेच लिहितो.

बजाज प्रिया, १९८४, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातली. ‘एम’ने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर. मी तिसरा मालक, गाडी माझ्या नावावर. पासिंग दोन वर्षं बाकी, विमा चालू. दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. तळाला उजव्या पायाशी रुपयाएवढं भोक आहे, त्याचा फोटो पाठवतो. स्टेपनी आहे, तिचा टायर बाद. स्पीडोमीटर चालत नाही. रंग मी मारून घेतलेला, कंपनीचा नाही. किंमत ३२,००० रुपये. गाडी वाईत, गल्लीत पिकअप येतो. पॅकिंग, हमाली आणि गाडी तुमच्या टेम्पोच्या किंवा साताऱ्यातल्या ट्रान्सपोर्टच्या फाळक्यावर चढेपर्यंतचा सगळा खर्च याच किमतीत. पुढचं भाडं तुमचं. दोन हजार नाव लागेपर्यंत माझ्याकडे राहतील, कागद आला की त्याच दिवशी परत. बघायला या, चहा घेऊन नाही म्हटलंत तरी चालेल. पण टेम्पो आणायच्या आधी या.

आपला,
वाईचा एक स्कूटरवाला